आवाज शिसवातून येतो? नाही हो, वरच्या फळीतून

"पहिली चांगली गिटार घेतोयस ना, मग मागची बाजू शिसवाचीच बघ, खरा आवाज तिथूनच येतो" हे कित्येक वर्षं ऐकतोय, पण आवाज मुख्यतः वरच्या फळीचा, म्हणजे तारांखालच्या पुढच्या बाजूचा असतो, तारांची थरथर ब्रिजमधून (तारा जिथे फळीवर टेकतात त्या पट्टीतून) तिच्यात उतरते आणि ती हवा हलवते. स्पेनचा गिटार कारागीर अंतोनियो दे तोरेस याने १८६२ मध्ये मागची बाजू आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या करून गिटार बनवली, वर स्प्रूस लाकडाची पातळ फळी, हेच दाखवायला! शिसवाने थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण दुकानात साउंडहोलची, म्हणजे वरच्या फळीतल्या भोकाची कड नीट बघा, वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरल्या तर सॉलिड टॉप (थर नसलेल्या लाकडाची फळी), आडवे थर दिसले तर थर चिकटवलेलं प्लाय. माझी पहिली सॉलिड टॉप पोटाशी धरून जाड तार छेडली तेव्हा ती थेट बरगड्यांना जाणवली.