एच-निर्देशांक

एच-निर्देशांक : संशोधकाचे लेखन आणि त्या लेखनाची इतरांनी घेतलेली दखल एकाच अंकात सांगणारे माप, रूढ नाव एच-इंडेक्स. एखाद्याच्या ‘न’ लेखांना प्रत्येकी किमान ‘न’ उद्धरणे (सायटेशन) मिळाली असतील आणि उरलेल्यांपैकी एकालाही ‘न’पेक्षा अधिक मिळाली नसतील, तर त्याचा निर्देशांक ‘न’.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील भौतिकीविज्ञ जॉर्ज हिर्श यांनी हे माप २००५ मध्ये मांडले. कल्पनेचे श्रेय मात्र निर्विवाद नाही. खगोलभौतिकीविज्ञ आर्थर एडिंग्टन (१८८२–१९४४) सायकलप्रवासासाठी असाच अंक वापरीत : ‘न’ दिवस, प्रत्येक दिवशी किमान ‘न’ मैल. त्यांचा अंक ८४ होता, असे सांगितले जाते. गणिती रूप एकच असले, तरी एडिंग्टन यांचा अंक सायकलीपुरता होता. संशोधनमापनापुरता अग्रमान हिर्श यांना देणे अधिक योग्य. उद्धरणे मोजण्याची सोय त्याहून जुनी आहे. अमेरिकी न्यायनिवाड्यांच्या ‘शेपर्ड’ सूचीचा आदर्श पुढे ठेवून यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी उद्धरणसूची सुचविली. तिचा आरंभ कोठे १९६३, तर कोठे १९६४ असा दिला जातो. १९६१ च्या साहित्यावरील खंड १९६३ मध्ये निघाला व नियमित प्रकाशन १९६४ पासून झाले, असे धरल्यास दोन्ही सालांचा मेळ बसतो.

समजा, मेंदूतील भाषाप्रक्रियेवर काम करणाऱ्या एका संशोधकाच्या नऊ लेखांची उद्धरणे उतरत्या क्रमाने ४८, ३१, १७, ९, ६, ५, ५, २, ० अशी आहेत. पाचव्या लेखाला ६ आहेत, सहाव्याला ५ च; म्हणून निर्देशांक ५. एकूण उद्धरणे १२३, म्हणजे निर्देशांकाच्या वर्गाच्या ४.९२ पट, हिर्श यांना हे गुणोत्तर साधारण ३ ते ५ आढळले होते. आता सहावी व सातवी नोंद एकाच लेखाची, एक पूर्वमुद्रिताची (छापण्याआधी खुल्या केलेल्या मसुद्याची, प्रीप्रिंट) आणि दुसरी छापील आवृत्तीची, निघाली आणि त्यांना उद्धृत करणारे लेख वेगवेगळे असले, तर एकत्रित नोंदीला १० मिळतात. यादी ४८, ३१, १७, १०, ९, ६, २, ० अशी होते आणि निर्देशांक ६. नवे काहीच लिहिलेले नसताना अंक वाढतो! म्हणून दुहेरी नोंदी आधी जोडाव्यात, नावाच्या आद्याक्षरांचे व आडनावाचे सर्व पर्याय तपासावेत आणि समान नावाच्या दुसऱ्या व्यक्तीचे लेख वगळावेत. प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र ओळख देणारा सोळा अंकी ‘ऑर्किड’ क्रमांक यासाठीच उपयोगी पडतो.

भाषाविज्ञान आणि चेताविज्ञान (मेंदू व चेतासंस्थेचा अभ्यास) या दोन्ही क्षेत्रांत लिहिणाऱ्याच्या बाबतीत अडचण अधिक खोल आहे. चेताविज्ञानात लेख आखूड, सहलेखक पुष्कळ आणि संदर्भयाद्या लांब. पहिले नाव बहुधा प्रयोग करणाऱ्याचे, शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे. भाषाविज्ञानात एकट्याने लिहिलेले ग्रंथ, व्याकरणे आणि संपादित ग्रंथांतील प्रकरणे यांना मान मोठा, पण नियतकालिककेंद्री सूचींत ती तुटपुंजी येतात. एखाद्या अल्पसंख्य भाषेचे व्याकरण दशकानुदशके आधारभूत राहते. नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील लेखांना मिळालेल्या उद्धरणांची सरासरी सांगणाऱ्या ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ला ते दिसत नाही. मार्टा कुटास व स्टीव्हन हिलियार्ड यांनी १९८० मध्ये वर्णिलेली ‘एन-४००’ ही, अर्थाने न जुळणारा शब्द आल्यावर मेंदूत उमटणारी, विद्युत्‌लहर दोन्ही शाखांत उद्धृत होते; अशा कामाची उद्धरणे कोणत्या शाखेच्या सरासरीशी ताडायची, हा प्रश्न राहतोच. त्यामुळे उद्धरणे त्या-त्या विषयाच्या व वर्षाच्या सरासरीने भागून घेणे आणि सहलेखकांत श्रेय विभागणे, ही रीत एका कच्च्या अंकापेक्षा सरस होय.

स्रोतानुसारही अंक बदलतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या गूगल स्कॉलर या शोधयंत्रात प्रबंध, ग्रंथ व पूर्वमुद्रिते मोजली जातात, म्हणून तेथील आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निवडक नियतकालिकांवर भर देणाऱ्या उद्धरणसूचींमधील आकड्याहून सहसा मोठा. अंकासोबत स्रोत व दिनांक लिहावा आणि दोन संशोधकांचे अंक एकाच स्रोतातून घ्यावेत.

अतिउद्धृत लेखांना वजन देणारा जी-निर्देशांक लिओ एगे यांनी २००६ मध्ये सुचविला.