धर्मादाय आयुक्तांचं देऊळ आणि सरकारी समितीचं देऊळ

‘देऊळ सरकारजमा झालं’ असं गावात कोणी म्हटलं की आधी एकच गोष्ट विचारावी: विश्वस्त नेमतं कोण? महाराष्ट्रात देवळांशी सरकारचा संबंध दोन वेगळ्या वाटांनी येतो. बातम्यांत त्यांची सर्रास सरमिसळ होते.

पहिली वाट सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 ची. गावातलं नोंदणीकृत ग्रामदैवत, मठ, चर्च, अग्यारी असे बहुतेक न्यास याच कायद्याखाली येतात. इथे विश्वस्त न्यासाच्या (ट्रस्टच्या) घटनेप्रमाणे ठरतात, न्यासांवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी म्हणजे धर्मादाय आयुक्त त्यांना निवडत नाहीत. ते पाहतात कागद: दरवर्षीचं लेखापरीक्षण, मिळकतीची नोंद, विश्वस्तांतले बदल. बदल झाला की 90 दिवसांत कलम 22 चा बदल अहवाल (चेंज रिपोर्ट) द्यायचा. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. निवडणूक होते, नारळ फुटतो, पण अहवाल कोणी देत नाही. परिशिष्ट-1 च्या उताऱ्यावर (न्यासाच्या सरकारी नोंदीच्या प्रतीवर) जुनीच नावं राहतात, त्यातली काही दिवंगत, आणि बँक नव्या सह्या मानत नाही. मग दुसरा गट हरकत घेतो आणि प्रकरण वर्षानुवर्षं चालतं.

जमिनीचंही तसंच. देवस्थानची स्थावर मिळकत विकायची, बदलून द्यायची किंवा बक्षीस द्यायची तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीचा 10 वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमिनीचा किंवा इमारतीचा 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टाही त्यात येतो. विक्रीची गरज का आहे ते दाखवावं लागतं, मूल्यांकन जोडावं लागतं. आधी विसार घेऊन मग अर्ज करणारे विश्वस्त स्वतःच अडकतात.

या देखरेखीला भारताच्या राज्यघटनेत आधार आहे. कलम 25(2)(क) धर्माशी जोडलेल्या आर्थिक व्यवहाराचं नियमन करू देतं, तर कलम 26 धार्मिक बाबी संप्रदायाकडे ठेवतं. 1954 च्या रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1950 चा हा कायदा बहुतांशी वैध ठरवला. मात्र धार्मिक न्यासावर न्यायालयामार्फत खुद्द धर्मादाय आयुक्तांनाच विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली. हिशेब तपासणारा आणि गादीवर बसणारा एकच नसावा, हे मला त्या निकालातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

दुसरी वाट म्हणजे एकेका देवस्थानासाठी विधिमंडळाने केलेला स्वतंत्र कायदा: पंढरपूर 1973, प्रभादेवीचा सिद्धिविनायक 1980, शिर्डी 2004. इथे समिती राज्य सरकार नेमतं. म्हणूनच सत्ता बदलली की अध्यक्षपदाची चर्चा सुरू होते. पंढरपूरच्या कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले. त्यावरचा वाद 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. शिर्डीत सरकारने नेमलेलं मंडळ उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2022 मध्ये रद्द केलं. दानपेटीतला पैसा मात्र याही वाटेवर थेट सरकारी तिजोरीत जात नाही. तो देवस्थानच्या निधीतच राहतो, फक्त कशावर खर्चायचा याच्या मर्यादा कायदा घालतो.

गोंधळात पाडणारं उदाहरण तुळजापूरचं. जिल्हाधिकारी अध्यक्ष आहेत म्हणून ते पंढरपूरसारखं वाटतं, पण तिथे असा स्वतंत्र कायदा नाही. गोव्यात तर तिसरीच तऱ्हा: पोर्तुगीज काळातलं 1933 चं देवस्थान नियमन, त्यात महाजनांची (देवस्थानच्या सदस्यांची) सभा आणि प्रशासक म्हणून मामलेदार.

तक्रार असेल तर आधी वाट ओळखावी. नोंदणीकृत न्यासात हिशेब दडवले जात असतील, तर हितसंबंधित व्यक्तीला कलम 41ड खाली विश्वस्तांच्या निलंबनासाठी किंवा बडतर्फीसाठी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करता येतो. सरकारने नेमलेल्या समितीच्या नेमणुकीवरच आक्षेप असेल, तर तो अर्ज तिथे उपयोगाचा नाही. त्यासाठी मंत्रालयातला विधी व न्याय विभाग, नाहीतर उच्च न्यायालय.