पंथ बदलतो तेव्हा: राहायचं की निघायचं?

ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाप्तिस्मा झाला, तिचीच शिकवण किंवा नियम बदलले तर काय करायचं? हा पेच आजचा नाही. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटिस्ट नावाच्या ख्रिस्ती गटाला छळाच्या काळात कच खाल्लेले धर्मगुरू नको होते. त्यांनी वेगळी चूल मांडली. बिशप ऑगस्टीननं त्यांच्यापुढे बायबलमधला गहू आणि निदणाचा, म्हणजे तणाचा, दाखला ठेवला. कापणीपर्यंत दोन्ही एकाच शेतात वाढणार. राहणारे आजही हाच दाखला देतात, आणि निघणारे पौलाच्या ‘त्यांच्यामधून निघा’ या वचनावर बोट ठेवतात.

पण निर्णय नुसत्या वचनांवर होत नाही. डोक्यावरचं छप्पर, पाळकाचा (चर्चच्या धर्मगुरूचा) पगार, आईवडिलांच्या कबरी, सगळं त्यात येतं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण स्कॉटलंडचं.

तिथं 1712 च्या कायद्यानं पाळक नेमण्याचा हक्क जमीनदारांकडे गेला होता. मंडळीला नको असलेला माणूसही तिच्यावर लादला जाई. 18 मे 1843 रोजी एडिंबरात राष्ट्रीय चर्चची महासभा भरली. मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचलं, ते मेजावर ठेवलं आणि ते बाहेर पडले. मागोमाग थॉमस चामर्स आणि इतर निघाले. साडेचारशेहून अधिक पाळकांनी, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त जणांनी, पगार आणि राहतं घर सोडून फ्री चर्च उभं केलं. काही जमीनदारांनी त्यांना प्रार्थनाघरासाठी जागाही दिली नाही. स्ट्रॉन्शियनच्या लोकांनी मग 1846 मध्ये लोखंडी तरंगतं चर्च बांधून घेतलं आणि ते खाडीत नांगरून तिथं उपासना सुरू केली.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 1900 मध्ये याच फ्री चर्चचा मोठा गट दुसऱ्या एका चर्चमध्ये विलीन झाला. मूठभर मंडळ्यांनी नकार दिला. प्रश्न कोर्टात गेला: सोडून नक्की कोण गेलं? 1904 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला की मूळ तत्त्वांना धरून राहिलेले तेच खरे फ्री चर्च, आणि सगळी मालमत्ता त्या मूठभरांची. एवढ्या इमारती त्यांना सांभाळणं शक्यच नव्हतं. शेवटी 1905 मध्ये संसदेला कायदा करून वाटणी करावी लागली.

एकाच विश्वासाची माणसंही या प्रश्नावर दुभंगतात. 18 ऑक्टोबर 1966 रोजी लंडनच्या सभेत प्रवचनकार मार्टिन लॉइड-जोन्स यांनी इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम अधिकार मानणाऱ्या, लोकांना वेगवेगळ्या मतांच्या मिश्र पंथांमधून बाहेर पडून एकत्र येण्याचं आवाहन केलं. अध्यक्षस्थानी जॉन स्टॉट होते, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चचे पाळक. त्यांनी तिथल्या तिथे उभं राहून असहमती नोंदवली. बायबलच्या अधिकाराबद्दल दोघांत तसूभरही अंतर नव्हतं. म्हणूनच राहणाऱ्याला भित्रा किंवा निघणाऱ्याला फुटीर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

अलीकडचं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चचं. तिथं स्थानिक मंडळीची इमारत संपूर्ण पंथाच्या विश्वस्त हक्काखाली असते. या पद्धतीचं मूळ मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या काळातल्या दस्तऐवजांत आहे. समलैंगिकतेवरच्या दीर्घ वादानंतर 2019 मध्ये इमारतीसह बाहेर पडण्याची वाट मर्यादित काळासाठी खुली झाली. अट अशी की सभेला हजर असलेल्या सभासदांपैकी दोन तृतीयांश जणांनी बाजूनं मत द्यावं आणि पाळकांच्या पेन्शनचा वाटा चुकता करावा. 2023 अखेर सुमारे 7,600 मंडळ्या, म्हणजे तिथल्या जवळजवळ एक चतुर्थांश, बाहेर पडल्या. जिथं ठराव पास झाला तिथल्या विरोधकांना आपलंच चर्च परकं झालं. जिथं तो थोडक्यात हुकला तिथं बहुमत असूनही निघणाऱ्यांना इमारत मागे ठेवावी लागली. 2024 च्या महासभेनं समलैंगिकांना पाळकपदाची दीक्षा देण्यावरची बंदी उठवली आणि बाहेर पडण्याचं ते कलमही काढून टाकलं. त्यामुळे बदल प्रत्यक्ष झाल्यावरच ठरवू म्हणून थांबलेल्या मंडळ्यांसाठी ती वाट उरली नाही.