बाह्यग्रहांची वातावरणे

सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर, म्हणजे बाह्यग्रहांवर, कोणते वायू आहेत, तापमान किती आहे, ढग आणि वारे कसे आहेत, याचा त्यांच्याकडून येणाऱ्या प्रकाशावरून शोध घेणारी खगोलशास्त्राची शाखा. यांतले बहुतेक ग्रह मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही वेगळा ठिपका म्हणून दिसत नाहीत. तारा आणि ग्रह यांचा प्रकाश एकत्रच येतो आणि त्यातून ग्रहामुळे पडलेला फरक तेवढा वेगळा काढावा लागतो. त्यामुळे इथला प्रत्येक निष्कर्ष तो तारा आणि आपले उपकरण यांची आपल्याला कितपत नेमकी ओळख आहे, यावर उभा असतो.

सर्वांत फलदायी ठरलेली पद्धत अधिक्रमणाची. २००४ आणि २०१२ साली शुक्राचे अधिक्रमण भारतातून अनेकांनी पाहिले आहे. बाह्यग्रह असाच आपल्या ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचे तेज किंचित घटते. ग्रहाला वातावरण असेल तर त्याच्या कडेच्या पातळ थरातून ताऱ्याचा थोडा प्रकाश गाळून येतो. तिथला वायू ज्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, त्या तरंगलांबीत ग्रह जरासा मोठा भासतो. प्रत्येक तरंगलांबीला तेज किती घटले हे मांडत गेले की वातावरणाचा वर्णपट हाती येतो.

अशा वर्णपटात सोडियम ठळकपणे उमटेल, असे सेरा सीगर आणि दिमितार सासेलोव्ह यांनी २००० साली गणिताने दाखवले. २००२ मध्ये डेव्हिड शारबनो आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने ‘एचडी २०९४५८ बी’ या तप्त वायुग्रहावर तो शोधला. हा ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा सुमारे १.५ टक्के प्रकाश अडतो. सोडियमच्या पिवळ्या रेषांच्या पट्ट्यात तो आणखी ०.०२ टक्के अडला. एवढ्याशा फरकातून परक्या ग्रहाची हवा माणसाने पहिल्यांदा ओळखली!

ग्रह ताऱ्यामागे दडतो तेव्हा एकूण प्रकाशात पडणारी घट मोजली, तर त्याच्या दिवसाकडच्या बाजूची उष्णता कळते. ताऱ्यापासून दूर असलेल्या तरुण, तप्त ग्रहांचे थेट छायाचित्रही घेता येते. ‘एचआर ८७९९’ भोवतीचे चार ग्रह असेच दिसले.

जेम्स वेब दुर्बिणीने जुलै २०२२ मध्ये टिपलेला ‘वास्प-३९ बी’चा वर्णपट हा या शाखेतला मोठा टप्पा मानावा लागेल. शनीएवढ्या वस्तुमानाचा, पण फुगून गुरूहून मोठा झालेला हा ग्रह सुमारे ७०० प्रकाशवर्षांवर आहे. चार दिवसांत तो ताऱ्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. त्याचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्याच्या अवरक्त वर्णपटात ४.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीजवळ कार्बन डायऑक्साइडचा निर्विवाद उंचवटा दिसला. बाह्यग्रहावर हा वायू इतक्या खात्रीने त्याआधी सापडला नव्हता. त्याच्या शेजारी, ४.०५ मायक्रॉनला, एक लहान उंचवटा होता. तो सल्फर डायऑक्साइडचा निघाला आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा. ताऱ्याच्या अतिनील किरणांनी पाण्याच्या रेणूंचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांच्या अभिक्रियांतून हायड्रोजन सल्फाइडमधल्या गंधकाचा हा वायू बनतो. म्हणजे तिथल्या हवेत ताऱ्याचा प्रकाश नवे रेणू घडवतो आहे, याचा हा पुरावा.

पृथ्वीएवढ्या ग्रहांचे काम फार कठीण. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वी गेली तर ०.००८ टक्के प्रकाश अडेल आणि त्यात वातावरणाचा वाटा एकूण प्रकाशाच्या दहा लाखांत एका भागाच्या आसपास असेल. म्हणून सध्या लहानशा लाल ताऱ्यांभोवतीचे ग्रह निवडले जातात. तारा लहान असला की त्याच ग्रहाची छाया तुलनेने ठळक पडते. पण या ताऱ्यांवर थंड डाग असतात आणि त्या डागांत पाण्याची वाफ टिकू शकते. २०२३ मध्ये ‘जीजे ४८६ बी’च्या वर्णपटात वाफेची चिन्हे दिसली, पण ती ग्रहाच्या हवेतली की ताऱ्याच्या डागांतली, हे त्या मोजमापावरून ठरवता आले नाही.

‘के२-१८ बी’वरचा वाद याहून गाजला. पृथ्वीच्या सुमारे ८.६ पट वस्तुमानाचा हा ग्रह १२४ प्रकाशवर्षांवर आहे. २०१९ मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून तिथे पाण्याची वाफ असल्याचे जाहीर झाले. पण वाफेची खूण मानल्या गेलेल्या १.४ मायक्रॉनजवळ मिथेनही प्रकाश शोषतो, आणि २०२३ च्या वेबच्या वर्णपटात मिथेन व कार्बन डायऑक्साइड दिसले, वाफ स्पष्ट दिसली नाही. वाराणसीत अभियांत्रिकी शिकलेले केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने एप्रिल २०२५ मध्ये डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या रेणूची चिन्हे मांडली. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. मात्र दाव्याची खात्री तीन सिग्माची होती. संकेत निव्वळ योगायोग नसल्याची खात्री मोजण्याचे हे संख्याशास्त्रातले माप. पक्क्या शोधासाठी पाच अपेक्षित असतात. इतर गटांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासली, तेव्हा हा संकेत टिकला नाही. शिवाय हा रेणू ६७पी धूमकेतूवरही सापडला आहे. म्हणजे त्याच्या निर्मितीला सजीव लागतातच असे नाही. तिथे जीवसृष्टी सापडली, असे आज म्हणता येत नाही.

खडकाळ ग्रहांबाबत तर आधी वातावरण आहे की नाही, हेच ठरवावे लागते. ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ च्या सात ग्रहांपैकी सर्वांत आतल्या ‘बी’ची दिवसाकडची बाजू सुमारे २३० अंश सेल्सिअस निघाली. उष्णता रात्रीकडे वाहून नेणारी हवा नसेल, तर एवढेच तापमान अपेक्षित असते. ‘सी’वर शुक्रासारखे दाट वातावरण नाही, हेही २०२३ मध्ये स्पष्ट झाले. लाल ताऱ्यांच्या स्फोटक उद्रेकांपुढे कोणत्या ग्रहांची हवा टिकते हे पाहण्यासाठी वेब दुर्बिणीचे ५०० तास राखून ठेवले आहेत. त्यात १५ मायक्रॉनच्या पट्ट्यात, जिथे कार्बन डायऑक्साइड जोरदार शोषण करतो, निवडक खडकाळ ग्रहांची उष्णता मोजली जात आहे.