फॉरेस्ट्री शिकलं म्हणजे फॉरेस्टला लागलं?

बारावीनंतर मुलीने दापोलीला बी.एस्सी. फॉरेस्ट्रीला प्रवेश घेतला की गावात बातमी फिरते ती अशी: 'अमक्याची पोर फॉरेस्टला लागली.' घरचेही फारसं दुरुस्त करत नाहीत, ऐकायला बरं वाटतं ना! चार वर्षांनी पदवी हातात येते, पण अंगावर खाकी चढत नाही. मग तेच लोक विचारतात, 'एवढं शिकून झालं काय?'

घोळ शब्दांतच आहे. फॉरेस्ट्री म्हणजे वनशास्त्र, ही विद्या. 'फॉरेस्ट' म्हणजे आपल्या बोलण्यात सरळ वनखातं. त्यात भर म्हणून 'फॉरेस्टर': खात्यात हे वनरक्षकाच्या वरचं पद, मराठीत वनपाल. वनशास्त्राच्या पदवीधराने स्वतःला फॉरेस्टर म्हणवून घेतलं तर समोरचा विचारणारच, 'कुठल्या राउंडला?' (राउंड म्हणजे वनपालाच्या ताब्यातलं क्षेत्र). आणि तालुक्याच्या गावी गाळ्यांवर 'वनरक्षक भरती अकादमी' असे फ्लेक्स लागतात, त्यांचा तर या दोन्हींशी संबंध नाही; तिथे पळायला शिकवतात.

मूळ फरक क्रमाचा आहे. पदवीला तुम्ही विज्ञान शाखेतून, एमएचटी-सीईटी देऊन, फी भरून जाता. महाराष्ट्रात दापोली आणि अकोला इथल्या कृषी विद्यापीठांची वनशास्त्र महाविद्यालयं आहेत. अभ्यासक्रम चार वर्षांचा. खात्याच्या प्रशिक्षणाला मात्र प्रवेश मिळतच नाही. आधी निवड होते, मग पाठवतात. एमपीएससीतून वनक्षेत्रपाल, म्हणजे रेंजर, झालेल्या उमेदवाराचं प्रशिक्षण 18 महिन्यांचं, वनरक्षकाचं सहा महिन्यांचं, आणि त्या काळात पगार चालू. चंद्रपूरची वन अकादमी, सांगली जिल्ह्यातलं कुंडल, मेळघाटातलं चिखलदरा ही नावं त्या वाटेवरची. थोडक्यात, एकीकडे शिकून नोकरी शोधायची, दुसरीकडे नोकरी मिळवून शिकायचं.

हे दोन रस्ते वेगळे झाले त्याला इतिहास आहे. इंग्रजांनी 1864 मध्ये डिट्रिच ब्रँडिस या जर्मन माणसाला पहिला वन महानिरीक्षक नेमलं आणि 1878 मध्ये देहरादूनला वनशाळा सुरू झाली, ती खात्याला माणसं पुरवायला. पुढची शंभर वर्षं आपल्याकडे वनविद्या म्हणजे जवळजवळ खात्याचीच विद्या होती. राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 मध्ये शेताच्या बांधावरची, गायरानावरची, गावालगतची झाडंही वनशास्त्राच्या कक्षेत आणली, आणि 1980 च्या दशकाच्या मध्यापासून कृषी विद्यापीठांत पदवी सुरू झाली. म्हणून या महाविद्यालयांचं बूड शेतीत आहे, जंगलखात्यात नाही. ही गोष्ट प्रवेश घेताना कुणी सांगत नाही.

दोन्हीकडे 'प्रत्यक्ष काम' असतं, खरा गोंधळ इथेच होतो. रोपवाटिका दोन्हीकडे, मोजपट्टी दोन्हीकडे, पायपीट दोन्हीकडे. तेव्हा एकच सागाचं झाड घेऊ.

विद्यार्थी झाडाशी जातो आणि जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, पट्टी गुंडाळून घेर घेतो. उतारावर असेल तर वरच्या बाजूने उभं राहून. मग उंची, मग घनफळ. लाकडाच्या व्यवहारातलं जुनं सूत्र त्याला इथेच भेटतं: घेराचा चौथा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. 120 सेंटिमीटर घेराचा, 3 मीटर लांबीचा ओंडका या हिशोबाने 0.27 घनमीटर भरतो. तोच ओंडका खरा गोल धरून मोजला तर साधारण 0.34. म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त लाकूड कागदावर येतच नाही. साल आणि चिराईतली घट यांची ही ढोबळ सवलत, असं त्याचं समर्थन करतात. हे फळ्यावर कळत नाही. ओल्या ओंडक्यावर वाकून दोन्ही प्रकारे मोजल्यावर कळतं, आणि एकदा कळलं की विसरत नाही.

सागाचं बी रुजवणंही तसंच. कवच इतकं टणक की ते आळीपाळीने भिजवून उन्हात वाळवावं लागतं. वर्षभराच्या रोपाचे स्टंप करायचे, म्हणजे अंगठ्याएवढं जाड मूळ वीतभर ठेवायचं आणि वरचं खोड दोन-तीन सेंटिमीटरवर छाटायचं. पहिल्यांदा कोयता चालवताना वाटतं, आपण रोप मारलं. पावसात त्याच काटकीला कोंब फुटतो. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना महाविद्यालयाबाहेर प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी धाडतात, तिथे ही सगळी हातोटी उपयोगी पडते.

आता प्रशिक्षणार्थी वनरक्षक. त्याला ते झाड उभं असताना जितकं दिसतं, त्याहून जास्त ते तुटल्यावर दिसलं पाहिजे. जागेवर थुट राहिलं आहे. त्यावर तोडीची परवानगी दाखवणारा खात्याच्या हातोड्याचा ठसा आहे का? नसेल तर अवैध तोड. मग थुटाचा घेर, पंचनामा, आणि 'पी.ओ.आर. फाडणे', म्हणजे प्राथमिक वनगुन्हा नोंदवणं. माल गाडीत सापडला तर वाहतूक परवाना, जप्ती. भारतीय वन अधिनियम 1927, वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972, वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम 1980 हे त्याचे रोजचे कायदे. सोबत कवायत, शस्त्र, वणवा विझवणं, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढणं. झाडाची वाढ त्यालाही शिकवतात, नाही असं नाही. पण त्याच्या हाताखालचा कागद उद्या कोर्टात उभा राहणार असतो.

दोन नजरांमधलं अंतर बांबूइतकं कुणीच दाखवलं नाही. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. कायद्यात मात्र तो 'झाड' होता. 2017 च्या दुरुस्तीने बांबूला त्या व्याख्येतून काढलं, आणि तोवर स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेणाऱ्या शेतकऱ्यालाही परवान्याची भानगड होती. विद्यार्थी आणि वनरक्षक दोघेही बरोबर होते, फक्त प्रश्न निराळे होते.

माझं मत विचाराल तर पदवीचं सोनं खात्याबाहेर जास्त आहे. कोकणात माणगा बांबू, खैर, शिवण लावणारे शेतकरी आहेत. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आहेत, त्यांना आपल्या जंगलाचं व्यवस्थापन स्वतः आखायचं आहे. तिथे घेर मोजून वाढीचा हिशोब मांडणारा माणूस हवा असतो, पी.ओ.आर. फाडणारा नव्हे. पण वर्गातली बहुतेक मुलं पहिल्या दिवसापासून एमपीएससीकडे डोळे लावून बसतात, आणि तिथे एक कडू गोष्ट आहे: वनक्षेत्रपालाच्या परीक्षेला वनशास्त्राची पदवी लागतच नाही. अभियंता, कृषी पदवीधर, भौतिकशास्त्रवाला, सगळे बसतात. कर्नाटकात थेट भरतीत वनशास्त्र पदवीधरांना राखीव वाटा आहे. आपल्याकडची मुलं त्याचा दाखला देत असतात आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

तरीही ज्याला खाकीच हवी, त्याने सीईटीचा फॉर्म भरण्याआधी भिंतीला टेकून उंची मोजावी. भारतीय वन सेवेसाठी सर्वसाधारण निकष पुरुषांना 163 आणि स्त्रियांना 150 सेंटिमीटर. अनुसूचित जमातींना आणि काही डोंगरी समाजांना त्यात सूट आहे. शिवाय चार तासांत पुरुषांनी 25 आणि स्त्रियांनी 14 किलोमीटर चालून दाखवायचं. महाविद्यालयाच्या प्रवेशाला यातलं काहीच विचारत नाहीत.