फोरहँड चॉप अवघड का झाला?

टेबल टेनिसमध्ये चॉपचा, म्हणजे चेंडू खालून घासून उलटी फिरकी देत परतवण्याचा बचावाचा खेळ शिकणाऱ्या मुलांचा बॅकहँड लवकर बसतो. फोरहँडला मात्र चेंडू वर उठतो, नाहीतर टेबलाबाहेर जातो. प्रशिक्षक मुलांच्या हाताला दोष देतात, ते मला पटत नाही. खरं कारण रबराच्या इतिहासात आहे.

दुसऱ्या महायुद्धाआधी बॅटच्या दोन्ही बाजूंना स्पंज नसलेलं, आखूड दाण्यांचं रबर असे. समोरून आलेली फिरकी ते फारशी धरत नसे, त्यामुळे दोन्हीकडून चॉप करताना रबर सारखंच वागे. बचावाचं राज्य इतकं, की १९३६ च्या प्राग जागतिक स्पर्धेत एर्लिख आणि पानेथ या खेळाडूंचा पहिलाच गुण दोन तासांहून अधिक चालला. मग जाळी पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर आणली गेली. तरीही रिचर्ड बर्गमन बचावाच्या जोरावर १९३७ ते १९५० दरम्यान चार वेळा एकेरीत जगज्जेता झालाच.

या बचावाच्या खेळाला धक्का बसला तो आपल्या मुंबईत. १९५२ च्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरला. फटक्याचा आवाजच येईना, वेगाचा अंदाज लागेना. सातो एकेरीचं विजेतेपद घेऊन गेला. १९५९ मध्ये रबर आणि स्पंज मिळून जाडी ४ मिलिमीटरपर्यंत मर्यादित झाली, पण स्पंज राहिला आणि त्यावर टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी, वाढला.

बचावपटूंनी बॅकहँडला लाँग पिंपल्स, म्हणजे लांब दाण्यांचं रबर, लावून त्यावर तोडगा काढला. समोरच्याचा टॉपस्पिन त्यावरून बॅकस्पिन (उलटी फिरकी) होऊन परत जातो. फोरहँडला आक्रमण हवं, म्हणून तिथे गुळगुळीत रबर ठेवलं. हे रबर आलेली फिरकी पकडतं, आणि चेंडू वर उडतो. म्हणून उजव्या हाताच्या खेळाडूला उजवा पाय मागे घेऊन, गुडघे वाकवून, चेंडू कमरेखाली येईपर्यंत थांबावं लागतं. मग बॅट खांद्याजवळून खाली आणि पुढे नेत चेंडूच्या मागच्या-खालच्या भागाला घासून स्वतःची फिरकी घालावी लागते. नुसती बॅट आडवी धरून भागत नाही. बरेच जण फोरहँडला पातळ स्पंज घेतात तो याचसाठी.

कोरियाचा जू से-ह्युक २००३ मध्ये पॅरिसला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला, तो फोरहँडने चॉप करता करता मध्येच जोरदार टॉपस्पिन मारून. त्या बाजूला लाँग पिंपल्स असते तर चॉप सोपा झाला असता, पण तो फटका मिळाला नसता.