अल्फा आणि बीटा पूर्वग्रह: एक फरक फुगवतो, दुसरा पुसतो

गावपातळीवरच्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणांचे अहवाल वाचताना दोन प्रकारची वाक्यं हमखास सापडतात. एक म्हणजे, ‘स्त्रिया मुळातच हळव्या असल्याने त्यांच्यात ताण जास्त आढळला.’ दुसरं, ‘शेतकऱ्यांमध्ये ताणाचं प्रमाण इतके टक्के आढळलं,’ आणि तक्ता उघडावा तर त्यातले जवळपास सगळे शेतकरी पुरुष. दोन्ही वाक्यं ‘लिंगभेदी संशोधन’ म्हणून एकाच पोत्यात भरली जातात. पण या चुका एकमेकींच्या उलट दिशेच्या आहेत. एकीवरचा उपाय दुसरीला लावला तर दुखणं वाढतं.

रेचेल हेअर-मस्टिन आणि जीन मॅरेसेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली या दोन चुकांना वेगळी नावं दिली. स्त्री-पुरुषांमधला फरक आहे त्यापेक्षा मोठा करून दाखवणं हा अल्फा पूर्वग्रह. असलेला फरक नजरेआड करणं, बहुतेक वेळा पुरुषांवरून काढलेला निष्कर्ष सरसकट सगळ्यांना लावणं, हा बीटा पूर्वग्रह.

संख्याशास्त्रातल्या अल्फा-बीटा त्रुटींशी विद्यार्थी याची गल्लत करतात, आणि साम्य आहेही: अल्फा त्रुटीत नसलेला फरक दिसतो, बीटा त्रुटीत असलेला निसटतो. मात्र त्रुटी योगायोगाने होते, पूर्वग्रह विचारण्याच्या पद्धतीतच बसलेला असतो. नमुना ५० वरून ५,००० वर नेला की योगायोग आटोक्यात येतो. पाच हजार पुरुषांनाच विचारलं असेल तर पूर्वग्रह जागच्या जागी राहतो.

अल्फा नेहमी हिणवणाराच असतो असं नाही. स्त्रीची नैतिक जाण पुरुषापेक्षा कमकुवत असते हे फ्रॉइडचं मत उघडच अल्फा आहे. पण मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्गने नैतिक विकासाचे न्यायावर आधारलेले टप्पे फक्त मुलग्यांचा अभ्यास करून मांडले (हा बीटा), तेव्हा त्याला उत्तर देताना मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये स्त्रियांचा नैतिक विचार काळजी आणि नात्यांवर उभा असतो असं मांडलं, आणि लंबक दुसऱ्या टोकाला, अल्फाकडे, गेला. पुढे २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर काळजीच्या बाजूने स्त्रियांचा कल ०.२८ आणि न्यायाच्या बाजूने पुरुषांचा ०.१९ एवढाच निघाला. या मापात शून्य म्हणजे फरक नाही, ०.८ म्हणजे मोठा फरक; दोन्ही आकडे छोटे. बचत गटाच्या अहवालातलं ‘महिला जात्याच काटकसरी’ हे कौतुकही याच जातीचं.

बीटाचं ठळक उदाहरण ताणाच्या संशोधनात आहे. ‘लढा किंवा पळा’ ही ताणावरची प्रतिक्रिया माणसाची म्हणून पाठ्यपुस्तकांत शिकवली गेली. मानसशास्त्रज्ञ शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की १९९५ पूर्वी शरीराची ताणावरची प्रतिक्रिया मोजणाऱ्या प्रयोगशाळांतल्या अभ्यासांत स्त्रिया साधारण १७ टक्केच होत्या.

आता हे यवतमाळ किंवा वर्ध्याकडच्या कापूस पिकवणाऱ्या गावात कसं घडतं ते पाहू. साधारणपणे बीटा सर्वेक्षणाच्या सुरुवातीला शिरतो, कोणाला आणि काय विचारायचं हे ठरताना. अल्फा शेवटी, अहवाल लिहिताना.

पहिली गफलत यादीची. शेतकऱ्यांची यादी सातबाऱ्यावरून काढली की बाया गळाल्याच, कारण वावर बहुधा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असतं. निंदणं आणि वेचणी मात्र तिच्याच हातची. म्हणून नमुना मतदार यादीतून किंवा घरोघरच्या नोंदीतून काढावा, आणि शेतकरी कोण हे कामावरून ठरवावं: गेल्या हंगामात स्वतःच्या, घरच्या किंवा ठेक्याच्या वावरात जिने-ज्याने काम केलं ती-तो.

दुसरी वेळेची. दिवाळीच्या आगेमागे वेचणी जोरात असते. सर्वेक्षक सकाळी अकराला गावात पोचतो तेव्हा बाया केव्हाच वावरात गेलेल्या असतात. घरी सापडतात त्या म्हाताऱ्या नाहीतर ओल्या बाळंतिणी, आणि पानठेल्यावर पुरुष हवे तेवढे. संध्याकाळी गेलं तर चूल पेटलेली. आठवडी बाजाराच्या दिवशी बऱ्याच गावांत मजुरी बंद असते, त्या दिवशीची सकाळ साधावी. मुलाखत एकटीची घ्यावी. बाईला विचारलं आणि ओसरीवरून नवरा बोलला, ‘तिले काय होते जी, लिहा नाही,’ तर तो अर्ज नवऱ्याचा झाला. अशा अर्जावर ‘तिसरी व्यक्ती हजर’ अशी खूण करावी आणि विश्लेषणात ते अर्ज वेगळे काढून पाहावेत.

तिसरी गफलत प्रश्नांची, आणि खरी मेख इथेच आहे. पीएचक्यू-९ ही नैराश्य चाचपण्यासाठी बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी प्रश्नावली: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि १० किंवा जास्त आले की पुढची तपासणी. त्यात उदासी, झोप, थकवा, भूक आहे. चिडचिड, दारू, जिवावरचं धाडस नाही. ‘निराश वाटते का?’ यावर ‘नाही जी’ म्हणणारा पुरुष घरात सगळ्यांवर खेकसत असतो, ते कागदावर येतच नाही. अमेरिकेत २०१३ च्या एका विश्लेषणात राग, व्यसन, धोका पत्करणं ही लक्षणंही यादीत घेतली तेव्हा ३०.६ टक्के पुरुष आणि ३३.३ टक्के स्त्रिया नैराश्याच्या निकषात बसल्या. स्त्रियांमध्ये नैराश्य बरंच जास्त दिसण्याचा नेहमीचा फरक जवळपास मिटला. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये डॉक्टरांना नैराश्य ओळखायला शिकवल्यावर आत्महत्या घटल्या, पण मुख्यतः स्त्रियांच्या. त्यातूनच पुरुषांची लक्षणं धरणारी वेगळी मापनपट्टी तयार झाली. म्हणजे बीटाचा फटका पुरुषांनाही बसतो, हे विसरलं जातं.

बायांच्या बाजूला शरीराच्या तक्रारी येतात: हातपाय गळणं, डोकं जड होणं, अंगावरून पांढरं जाणं. गोव्यातल्या अभ्यासांत पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ओझ्याशी जास्त निघाला. एवढं वाचून ‘बायांचं सगळं मनाचंच’ असं ठरवलं तर तो सरळ अल्फा. कारण राणी आणि अभय बंग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गडचिरोलीच्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी त्यांना कोणी तपासलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. तेव्हा तक्रार प्रश्नावलीत घ्यावी आणि तपासणीलाही पाठवावं.

पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याखेरीज काहीही आलं तर गुण मांडून पुढच्या घरी जायचं नाही. त्याच दिवशी आरोग्य केंद्राशी जोडून द्यावं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. हे आधी ठरलेलं नसेल तर सर्वेक्षण सुरूच करू नये.

मग आकडे हाती येतात आणि अल्फाची पाळी येते. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या वीस बाबींवर स्त्री-पुरुष तुलना केली तर ०.०५ च्या पातळीवर (म्हणजे दर तुलनेत योगायोगाने चुकण्याची ५ टक्के मुभा ठेवून) खरा फरक नसतानाही निदान एक ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. तो एकच फरक मथळ्यात जातो, उरलेले एकोणीस कपाटात. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ एकत्रित विश्लेषणं (प्रत्येकात अनेक अभ्यास एकत्र केलेले) तपासली, तर ७८ टक्के लिंगफरक छोटे किंवा शून्याजवळचे होते. म्हणून पी-मूल्याबरोबर (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) कोहेनचा डी छापावा. डी म्हणजे दोन गटांच्या सरासरींतला फरक प्रमाणित विचलनाच्या, म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याच्या, पटीत; वरचे ०.२८ आणि ०.१९ याच मापातले. डी ०.२ असेल तर दोन्ही गटांचे आलेख ९२ टक्के एकमेकांवर बसतात, ०.५ ला ८० टक्के, ०.८ ला ६९ टक्के. ९२ टक्के सारखेपणावर ‘स्त्रीस्वभाव’ उभा राहत नाही.

उलट बाजूची चूकही इथेच होते. एम.ए.च्या प्रबंधात ३० पुरुष, ३० स्त्रिया घेऊन ‘फरक आढळला नाही’ असं लिहितात. डी ०.५ चा फरक पकडायला दर गटात ६४ जण लागतात, ०.२ साठी सुमारे ३९४. तीस-तीसमध्ये फरक न दिसणं म्हणजे फरक नसणं नव्हे. तरीही ‘फरक नाही’ हे विधान आपोआप बीटा ठरत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य कार्यक्रमात नैराश्याच्या रुग्णांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि ते स्त्री-पुरुषांत सारखं वाटलं गेलं का हे वेगळं तपासूनच ‘सारखं’ म्हटलं गेलं. न बघता सारखं धरणं हा बीटा.

तसंच बायांमध्ये नैराश्य जास्त निघालं हे लिहिणं अल्फा नाही. कामाचे तास, घरातला पैसा कोणाच्या हातात, मारहाण, नवऱ्याची दारू, कर्ज यांपैकी काहीही न मोजता त्याचं कारण स्वभावात शोधणं हा अल्फा. ‘स्त्रिया जास्त तणावग्रस्त’ याऐवजी अहवालात असं यावं: किती स्त्रिया आणि किती पुरुष, कोणत्या महिन्यात, कोणासमोर विचारले, दोन्ही गटांची सरासरी आणि प्रमाणित विचलन किती, डी किती, आणि कामाचे तास व कर्ज हिशेबात धरल्यावर तो डी किती उरला.